प्रति, नवे प्राधान्य. विषय: जुना सर्व्हर

सन्माननीय नवे प्राधान्य यांस,
मुक्काम: प्रत्येक सादरीकरणाचं पहिलं पान.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या एका माणसाचं हे पत्र. तुमची माझी ओळख जुनी आहे. पहिल्यांदा आलात तेव्हा तुमचं नाव 'संगणकीकरण' होतं. मग 'ई-गव्हर्नन्स' झालं, मग 'डिजिटल', मग 'मोबाईल अ‍ॅप', मग 'क्लाऊड', मध्येच 'ब्लॉकचेन', आणि आता 'एआय'. दर वेळी तुमच्यासाठी नवा फलक छापला, दीपप्रज्वलन झालं, पुष्पगुच्छ आला, फोटो निघाला. आणि दर वेळी तुमच्या मागल्या अवताराला कोणी विचारलं नाही, की बाबा रे, तू अजून चालतोयस का?

आरोप सरळ सांगतो. तुम्ही येताना काहीतरी नवं आणता हे खरं. पण त्याच वेळी आधीच्या यंत्रणेच्या वाट्याचा पैसा, माणसं आणि साहेबांचं लक्ष उचलून नेता. मग ती यंत्रणा धापा टाकत बसते आणि खिडकीपलीकडची बाई आम्हाला सांगते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." बदनाम होतो सर्व्हर, बोलणी खाते ती बाई. तुम्ही तोवर पुढच्या सादरीकरणाला पोचलेले असता.

मी संगणकाचा विरोधक नाही. या शहरात राहून कोणाला तसं असणं परवडणारही नाही. १२ जून १९८५ ला इथे पाच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत इथे ५ लाख २० हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसं वाढलेलं हे गाव. उत्तनचा नाखवा, भाईंदर पूर्वेचा स्टीलच्या भांड्यांचा कारखानदार, काशिमीऱ्याचा रिक्षावाला, मीरा रोडच्या टॉवरमध्ये कर्ज काढून आलेलं नवं जोडपं, या सगळ्यांची घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म, मृत्यू आणि लग्न लाल कापडात बांधलेल्या वह्यांवर चालणार नव्हतं. जिल्ह्यातल्याच कल्याण-डोंबिवलीने या शतकाच्या सुरुवातीला नागरी सुविधा केंद्र संगणकावर चालवून दाखवलं आणि राज्याने तोच नमुना इतर शहरांत न्यायचं ठरवलं. तेव्हा तुम्ही खरोखर कामाला आलात. तुमच्यावर रागावण्याचा हक्क मला त्यामुळेच आहे.

जूनमधली एक सकाळ सांगतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. बारावी झालेल्या मुलीचा नॉन-क्रिमीलेअर दाखला काढायचा होता. आई पोळ्या लाटायच्या कामावर खाडा करून आलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद, शाळा सोडल्याचा दाखला, झेरॉक्सचे दोन दोन संच. संगणकावरच्या मुलाने पान उघडलं. गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मग पान उघडलं, नाव-पत्ता भरून झाला, कागद चढवायची वेळ आली तर फाईल ठरलेल्या मापात बसेना. ती बारीक करून चढवली, तोवर पानाची वेळ संपली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. दुसऱ्यांदा भरलं तर ओटीपी गेला वडिलांच्या मोबाईलवर, वडील वसईच्या कारखान्यात पाळीवर, मोबाईल लॉकरमध्ये. आईने त्यांच्या सुपरवायझरला फोन लावला. आकडा मिळाला तेव्हा त्याची मुदत उलटून गेली होती.

तो मुलगा ठेक्यावरचा. चिडला नाही. त्याने स्वतःच्या वहीत मुलीचं नाव आणि नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, "मावशी, रात्री अकरानंतर साईट बरी चालते. मी घरून भरून देतो." ही त्याची ड्युटी नव्हती. महाराष्ट्राचा डिजिटल कारभार किती ठिकाणी अशा वह्यांवर आणि अशा रात्रींवर उभा आहे, याची मोजदाद तुमच्या एकाही डॅशबोर्डवर नाही.

आणि जून काही अचानक उगवत नाही. दहावी-बारावीचे निकाल लागणार, प्रवेश सुरू होणार, उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर या दाखल्यांची झुंबड उडणार, हे राज्यातल्या प्रत्येक पालकाला ठाऊक असतं. पावसाळ्याआधी नाले साफ करायचे असतात हे भाईंदरमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. मग मे महिन्यात सर्व्हरची ताकद वाढवून, खोटी गर्दी सोडून तो किती भार पेलतो ते तपासून घ्यायचं कोणाच्याच कामाच्या यादीत का नसतं? कारण त्या कामाला फीत नाही. जूनमध्ये पोर्टल नीट चाललं, तर बातमी होत नाही. नीट चालणं ही तुमच्या दृष्टीने घटनाच नाही.

आता कायद्याचं बोलू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवली, पदनिर्देशित अधिकारी नेमला, पहिलं अपील, दुसरं अपील, त्यावर आयोग, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. अर्ज आला की पोच द्यायची, क्रमांक द्यायचा, आणि तिथून दिवस मोजायचे. नागरिकाच्या हातात घड्याळ आलं.

पण हे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. सर्व्हर अर्ज घेतच नसेल तर? क्रमांक नाही, पोच नाही, म्हणजे मुदत सुरूच झाली नाही. त्या बाईचा बुडालेला रोज कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. उलट आलेले अर्ज वेळेत निकाली काढल्याची टक्केवारी उत्तम दिसते, कारण जे अर्ज येऊच शकले नाहीत ते हिशेबात नाहीत. ज्या यंत्रणेने आम्हाला हक्क द्यायचा, तिचं बंद पडणं हाच हक्क टाळण्याचा सर्वांत सोपा रस्ता झाला, आणि त्यावर कोणाला पाच रुपयेसुद्धा दंड नाही. एवढी मोठी फट तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि तुम्ही चॅटबॉटचं चिन्ह कोणत्या रंगाचं असावं यावर बैठका घेता.

६ मे २०२५ पासून २ ऑक्टोबर २०२५ पर्यंत राज्य सरकारने १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स सुधारणा कार्यक्रम राबवला. संकेतस्थळ, सरकारी सेवांचं 'आपले सरकार' पोर्टल, ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सअ‍ॅप चॅटबॉट, एआय आणि ब्लॉकचेन, जीआयएस असे विषय होते. मंत्रालयापासून महापालिकांपर्यंत सगळ्यांना लागू. यातलं एकही काम वाईट नाही. त्याआधीच्या १०० दिवसांच्या कार्यक्रमात राज्यातल्या पोलीस आयुक्तालयांमध्ये आमचं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय पहिलं आलं, याचा मला इथला रहिवासी म्हणून अभिमान वाटला. १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेलं हे आयुक्तालय, वयाने पाच वर्षांचंही नव्हतं. गुण मिळणार म्हटल्यावर सरकारी कार्यालय काय करू शकतं ते यातून दिसलं.

म्हणूनच विचारतो, चालतं ठेवण्याला गुण का नाहीत? त्या १५० दिवसांच्या यादीत देखभाल हा स्वतंत्र विषय नव्हता. संकेतस्थळ सुंदर केल्याचे गुण, ते वर्षभर उभं ठेवल्याचे किती? डॅशबोर्ड उभारल्याचे गुण, त्यावरचा आकडा आजचा आहे की मागच्या दिवाळीचा, हे कोण पाहणार? कार्यक्रम २ ऑक्टोबरला संपला. त्यानंतर बाराच दिवसांनी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. त्या दिवसापासून त्या संगणकांना नेहमीचे सुरक्षेचे पॅच मिळणं बंद. ही तारीख कंपनीने कितीतरी आधी जाहीर केली होती. राज्यातल्या सरकारी टेबलांवर विंडोज १० ची किती यंत्रं होती, किती बदलली, किती तशीच नागरिकांचे आधार क्रमांक टाईप करत बसली आहेत, हे तुमच्या कुठल्या डॅशबोर्डवर आहे? असेल तर दाखवा. मी स्वतः येऊन पाहीन.

पैशाचं तुमचं वागणं तर फारच जुनं आहे. नवी प्रणाली भांडवली खर्चात बसते. तिला केंद्राचं अनुदान मिळतं, योजनेचं नाव मिळतं. जेएनएनयूआरएम ही केंद्राची शहरांसाठीची योजना ३ डिसेंबर २००५ ला सुरू झाली तेव्हापासून शहरांच्या ई-गव्हर्नन्सला असा पैसा येत गेला. पण प्रणाली उभी राहिल्यावरचा खर्च महसुली. वार्षिक देखभाल करार, लीज लाईन, परवाने, बॅटऱ्या, एसी, रात्रपाळीचा माणूस. महसुली खर्च म्हटला की कात्री आधी तिथेच चालते. कंत्राटाची मुदत संपते, नवी निविदा वेळेत निघत नाही, मग तीन महिन्यांची मुदतवाढ, मग आणखी तीन महिन्यांची. ज्याला पुढच्या तिमाहीत आपण असू की नसू हे माहीत नाही, तो कंत्राटदार कशाला नवा सर्व्हर बसवेल? अमेरिकेतली परिस्थिती काही फार आदर्श नाही. तिथल्या संघराज्य सरकारच्या माहिती तंत्रज्ञानावर वर्षाला १०० अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च होतो आणि त्यातला सुमारे ८० टक्के आधीपासून असलेल्या यंत्रणा चालवण्यात जातो, यावर त्यांचं लेखापरीक्षण कार्यालय वर्षानुवर्षं टीका करतं. पण निदान हा आकडा तिथे जगजाहीर आहे आणि त्यावर भांडण होतं. आमच्या अंदाजपत्रकात नव्यासाठी किती आणि चालतं ठेवण्यासाठी किती, हे सामान्य माणसाला एका नजरेत कळेल असं पान मला अजून भेटायचं आहे.

चला, तुम्हाला सर्व्हर रूममध्ये नेतो. तुम्ही उद्घाटनानंतर तिथे फिरकला नसाल. कोणत्याही निमसरकारी कार्यालयाची घ्या. जिन्याखालची किंवा रेकॉर्ड रूमशेजारची खोली. एका रॅकमध्ये स्विच, त्यातून लोंबणाऱ्या निळ्या-करड्या वायरी, कोणती कुठे जाते ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या. कोपऱ्यात यूपीएस. त्याच्या बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचं, आणि खोली तापली की तेवढंही नाही. दोन एसी आळीपाळीने चालायचे, त्यातला एक गळतो म्हणून बंद, खाली बादली. भाईंदर खाडीकाठचं, मिठागरांचं गाव. इथल्या खाऱ्या हवेत घराच्या खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे सर्किट बोर्डाचं काय होत असेल? पावसाळ्यात वीज गेली की यूपीएसने सर्व्हर नीट बंद होईपर्यंत तरी तग धरायला हवा. म्हातारी बॅटरी तेवढंही करत नाही. सर्व्हर धाडकन बंद होतो, आणि वीज आल्यावर डेटाबेस उघडत नाही. बॅटऱ्या बदलायची टिपणी कुठल्या तरी टेबलावर असते. एआयच्या कार्यशाळेचं चहा-नाश्त्याचं बिल मात्र मंजूर झालेलं असतं.

मग डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली किंवा स्वाक्षरीची मुदत संपली, की नवीन टोकन येईपर्यंत दाखले तयार असूनही निघत नाहीत. मुदत कधी संपणार ती तारीख त्या स्वाक्षरीतच लिहिलेली असते. महिनाभर आधी आठवण करून द्यायला एआय लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

तुमच्या स्थलांतरांची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. दर नव्या अवतारात तुम्ही जुना डेटा नव्या प्रणालीत नेता. मराठीच्या बाबतीत हे काम जोखमीचं, कारण जुन्या नोंदी युनिकोडमध्ये नाहीत. त्या काळी प्रत्येक कंत्राटदाराचा फॉन्ट वेगळा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नाव उघडलं की मात्रा, वेलांट्या आणि परदेशी खुणांचा चिवडा दिसतो. मग कोणीतरी घाईने रूपांतर करतं आणि जोडाक्षरं फुटतात. 'ज्ञानेश्वर' वेगळाच होऊन बाहेर येतो, 'कृष्णा'चा ऋकार गळतो. मूळ वही असेल तर दुरुस्ती होते. नसेल तर माणसाने प्रतिज्ञापत्र करायचं, की मीच तो.

जन्माच्या दाखल्यात हे फार महागात पडेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलासाठी शाळेचा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्माचा दाखला. २०२५ मध्ये पासपोर्टचा नियमही त्याच धर्तीवर बदलला. पूर्वी दाखल्यात चूक झाली तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावून जायचं. आता मीरा रोडच्या एखाद्या प्रसूतिगृहात आज जन्मलेल्या मुलीचं आयुष्यभराचं वय एकाच नोंदीवर उभं राहणार. ती नोंद ज्या यंत्रणेत आहे तिचा बॅकअप कुठे आहे, शेवटचा कधी घेतला, आणि तो परत उघडून पाहिला का, हे विचारणं या शहरातल्या प्रत्येक आईबापाचं काम झालं आहे.

बॅकअप 'घेतो' असं सगळेच सांगतात. घेतलेल्या बॅकअपमधून यंत्रणा पुन्हा उभी करून पाहिली का, याचं उत्तर ऐकायला मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये आपल्याच एमआयडीसीच्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर झाला, आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात जवळजवळ दोन आठवडे केसपेपर हाताने लिहिले गेले. त्याच्याही आधी, २१ जून २०१२ ला, आपलं मंत्रालय जळालं, माणसं गेली, फायलींची राख झाली. त्यानंतर ई-ऑफिसच्या कामाला वेग आला. आग लागल्यावर का होईना, एकदा तुम्ही बरोबर जागी गेलात.

पण आग संगणकालाही लागते. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात दाजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या पेटल्या. सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ज्या साठ्यात होत्या, त्यातला ८५८ टेराबाइट डेटा जळून गेला, कारण त्या साठ्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. तंत्रज्ञानात जगाने ज्यांचं उदाहरण घ्यावं त्या देशाचं हे झालं. हे वाचल्यावर आमच्याकडे किती कार्यालयांनी आपल्या बॅटऱ्या आणि आपला बॅकअप तपासून पाहिला, ते मला कोणी सांगावं.

सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे, असं केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सांगितलं आहे. सहा तासांत कळवायचं तर आधी कोणाला तरी कळायला हवं. रात्री अडीच वाजता सर्व्हरकडे कोण बघत असतं? ज्या कार्यालयात ठेक्यावरचा एक मुलगा प्रिंटरचा अडकलेला कागदही काढतो, नवीन साहेबांचा ई-मेलही उघडून देतो आणि सर्व्हरही सांभाळतो, तिथे हा आदेश पाळला जातो असं मला तरी वाटत नाही.

रात्रभर यंत्रणा चालती ठेवणारी माणसं या गावात नाहीत असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बनून तिथल्या लोकांना लुबाडणारी ती टोळी रात्री, अमेरिकेच्या वेळेवर काम करायची. शेकडो तरुण तिथे बसत होते. चोरांना अखंड सेवेचं महत्त्व कळलं. ज्या पोरांना इंग्रजी येतं, संगणक येतो, रात्रपाळीची सवय आहे, त्यांना सन्मानाच्या पगारावर सरकारी यंत्रणा सांभाळायला घ्यावं हे तुमच्या कोणत्याच अवताराला सुचलं नाही.

तुमच्या मोठ्या नावांची दोन उदाहरणं देतो, म्हणजे मी उगाच त्रागा करतोय असं वाटणार नाही. २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नेण्याचं काम जाहीर झालं. बनावट दाखल्यांना आळा बसावा हा हेतू प्रामाणिक होता. पण एटापल्लीच्या माणसाची पहिली अडचण नेटवर्क आणि तालुक्याला जायची गाडी ही आहे. साखळी कितीही अभेद्य असली तरी तिच्यात शिरायला अर्ज चढवावा लागतो, तो त्याच जुन्या रस्त्याने. दुसरं उदाहरण घराघरातलं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेतल्या बायकांना ई-केवायसी करायला सांगितलं. राज्यभरातल्या कोट्यवधी बायका एकाच संकेतस्थळावर येणार हे सरकारएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. यादी सरकारकडेच होती. तरी ओटीपी येईना, पान उघडेना, बायका पहाटे उठून मोबाईल घेऊन बसल्या, सायबर कॅफेवाल्यांनी पैसे घेतले. शेवटी नोव्हेंबरमधली मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. गटवारी करून, जिल्ह्यांना वेगवेगळे दिवस देऊन हा भार सहज वाटता आला असता. यात कुठलं भारी तंत्रज्ञान लागत नाही. चालवणाऱ्या माणसाला आधी विचारावं लागतं, एवढंच.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला मुंबईत राज्य सरकारने मेटाबरोबर 'आपले सरकार' व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्याचा करार केला. यावं, जरूर यावं. माझ्या शेजारच्या आजींना पोर्टल उघडता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप येतं. पण व्हॉट्सअ‍ॅप ही फक्त नवी खिडकी. खिडकीमागचा सर्व्हर तोच, डेटाबेस तोच, डोंगल तेच. आजींना उत्तर मिळणार, "तांत्रिक अडचणीमुळे सेवा उपलब्ध नाही, कृपया नंतर प्रयत्न करा." फक्त आता ते हिरव्या चौकटीत येईल.

या शहरात ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे तुमचे नवे नवे अवतार येत असताना स्थायी समितीत उभं राहून "बॅकअप कुठे आहे?" असं विचारणारं कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर नगरसेवक होते तेव्हाही हा प्रश्न गटार आणि पेव्हर ब्लॉकच्या खाली दबलेलाच असायचा. आता ९५ जण पुन्हा सभागृहात आहेत. त्यांना मी हे पत्र पाठवतो आहे, कारण तुम्ही स्वतः कुणाला उत्तर देत नाही.

त्यांनी आयुक्तांना विचारावं, की मागच्या बारा महिन्यांत नागरी सेवा किती तास बंद होत्या, कोणती सेवा, कोणत्या दिवशी, आणि हा तक्ता दर महिन्याला प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागेल का. सर्व्हर बंद असेल त्या दिवशी कागदावर अर्ज घेऊन, शिक्का मारून, आवक क्रमांक देऊन लोकसेवा हक्काची मुदत त्याच तारखेपासून धरली जाईल का; हे झालं तर सर्व्हर बंद पडण्याचा भार पहिल्यांदा कार्यालयावर येईल. बॅकअपमधून यंत्रणा उभी करण्याची रंगीत तालीम वर्षातून दोनदा, नगरसेवकांसमोर होईल का. आणि नवी प्रणाली मंजुरीला आली की तिच्या पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा आणि ती सांभाळणाऱ्या माणसांची पदं त्याच ठरावात असतील का. नसतील तर तो ठराव परत पाठवावा, मग त्यावर एआय लिहिलेलं असो की आणखी काही.

तुम्ही पुन्हा याल, वेगळ्या नावाने याल, हे मला ठाऊक आहे. या वेळी दारात थांबवून आम्ही आधी जुन्या सर्व्हरचा हिशेब मागणार आहोत. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात संगणक विभागाचं पान मी पहिल्यांदा उघडणार आहे, आणि माझ्या सोसायटीतले आणखी काहीजण.

कळावे,
मीरा-भाईंदरचा एक करदाता

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी: यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्याची टिपणी ज्यांच्या टेबलावर पडून आहे, ते अधिकारी.